एक माणूस कमी

नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्याची फुटबॉल टीम होती. एका रविवारी एकलहऱ्याच्या मैदानावर मॅच होती आणि आमचा बॅक ऐनवेळी लग्नाला निघून गेला. कडेला शेंगा खात बसलेला एक टकला, चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आपणहून म्हणाला, "मी बॅकला खेळतो. उभा राहू का?"

आम्ही त्याला जर्सी दिली. ती पोटावर घट्ट बसली. तो फारसा पळत नव्हता, बोलत मात्र सारखा होता. समोरचा चपळ फॉरवर्ड बॉल घेऊन आला की हा हसून म्हणे, "तू डावीकडेच वळणार. गेल्या वर्षी मी तुमच्याकडूनच खेळत होतो ना!" फॉरवर्डला हसू फुटे आणि तेवढ्यात बॉल याच्या पायात आलेला असे.

आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटच्या मिनिटाला त्याच फॉरवर्डने आमच्या गोलकीपरला चकवून रिकाम्या गोलकडे बॉल मारला. हा कुठून आला कोण जाणे, पण त्याने रेषेवर स्वतःला झोकून देत बॉल पोटावर घेतला. शिट्टी वाजली. त्याला हात देऊन उठवलं ते त्या फॉरवर्डनेच. टीम बदलूनही त्याच्यावर कुणाचा राग दिसला नाही.

चहा पिताना मी विचारलं, "दादा, तुमची खरी टीम कुठली?"

"लय टीमांकडून खेळलो," तो म्हणाला. "जिच्यात एक माणूस कमी, ती आपली."

तेवढ्यात पलीकडच्या मैदानावरून हाक आली, "कुणी एक जण येता का?"

अर्धा चहा माझ्या हातात देऊन तो आमच्या जर्सीतच तिकडे पळत सुटला.