गोधडीतला अंधार

ईट गावाहून परतताना येरमाळ्यात बस बदलायची होती. तिथं शेवटचा फोटो काढून रोल पुढं सरकवायचा खटका जोरात ओढला आणि कॅमेऱ्यात फिल्म तटकन तुटली. आता झाकण उघडलं की उजेड शिरणार आणि दिवसभराचे सगळे फोटो जाणार. स्वतःवरच चिडत मी समोरच्या फोटो स्टुडिओत शिरले. 'मोबाईलवर काढायचे की,' असं कुणी म्हटलं असतं, तर भांडलेच असते.

पण म्हातारे स्टुडिओवाले काका कॅमेरा बघून हरखले. "लई वर्षांनी रोल बघितला. बसा ताई, काढू."

त्यांच्या डार्करूममध्ये आता झेरॉक्सचं मशीन होतं. त्यांनी मागच्या घरातून काकूंना हाक मारली. काकांच्या हातातला कॅमेरा बघून काकू आत गेल्या आणि दोन जाड गोधड्या घेऊन आल्या. काकांनी कॅमेरा आणि फिल्म ठेवायची काळी डबी गोधड्यांखाली घेतली, हात कोपरापर्यंत आत घातले. एका बाजूच्या कडा काकूंनी दाबून धरल्या, दुसऱ्या बाजूच्या मी. मग काकांनी डोळे गच्च मिटले.

"काका, हात तर आत आहेत. डोळे कशाला मिटता?"

"उघडे ठेवले की हाताला दिसत न्हाय."

मी काकूंकडं बघितलं, तर त्यांनीही डोळे मिटलेले.

"ह्यांनी उघडा म्हटलं की उघडायचे," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर माझ्या बसचा हॉर्न वाजला. मी डोळे मिटून घेतले.