दाराबाहेर कोण?

आल्मिरा स्टॉडर्ड कॅन्सस सोडून हॉलिवूडला आली, ती काही नटी व्हायला नाही. तिच्या बहिणीला जुनाट खोकला होता आणि डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. बहीण बरी होऊन गावी परतली, आल्मिरा मात्र इथेच राहिली. आमच्या स्टुडिओत तिला फिल्मचे तुकडे जोडायचं काम मिळालं. पांढरे हातमोजे घालून आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो.

तुकडे यायचे ते उलटसुलट. शेवट आधी, सुरुवात मग. आम्ही बाकीच्या जणी चित्राकडे बघायचोही नाही. आल्मिरा प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरायची.

त्या वसंतात एका गाजलेल्या कादंबरीवरचा चित्रपट चालला होता. चोरीचा आळ घेऊन आईनं मुलाला घराबाहेर काढलेलं असतं. तो निर्दोष होता हे तिला फार उशिरा कळतं आणि मग एका संध्याकाळी दार वाजतं. आल्मिराच्या हातात दोन तुकडे आले. एकात आई दार उघडते. दुसऱ्यात कडीवरचा हात तसाच खाली येतो.

"अगं, खरं कुठलं?" ती मला म्हणाली.

"मला काय ठाऊक? जोड आणि मोकळी हो."

पण तिच्या जिवाला चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत तिनं थेट आईचं काम करणाऱ्या नटीलाच गाठलं. "बाई, तुम्ही दार का नाही उघडलंत?"

"उघड म्हणाले, उघडलं. थांब म्हणाले, थांबले. ग्रूवसाहेबांना विचार."

आमच्या घरमालकीण क्विग्लीबाईंनी पुस्तक वाचलं होतं. त्या ठासून म्हणाल्या, "बाहेर मुलगा असतो आणि ती मेली उघडत नाही!"

अखेर आल्मिरा दिग्दर्शक ग्रूवसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी विचारलं, "पुस्तक वाचलंयस?"

"नाही साहेब."

"मग ये आत. न वाचलेलं माणूसच मिळत नव्हतं."

दोन्ही शेवट दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला पटला?"

"न उघडण्याचा. पण मला हवा होता दुसरा."

साहेब हसले. "अख्ख्या देशाला तोच हवा असणार."

चित्रपट लागला, तो दार उघडूनच; दारात मुलगा उभा. आम्ही क्विग्लीबाईंना घेऊन गेलो. "खोटं! सगळं खोटं!" बाई पुटपुटत होत्या आणि रुमाल तर ओलाचिंब.

"मग रडताय कशाला?" आल्मिरानं विचारलं.

"खोट्याला रडू येत नाही असं कोण म्हणालं तुला?"

त्याच आठवड्यात आल्मिरानं बाईंकडून ते पुस्तक मागून घेतलं. अख्खी कादंबरी ती जन्मात पहिल्यांदाच वाचत होती. एका सकाळी हातमोजेही न घालता ती बाकाशी आली.

"ऐक ना! दाराबाहेर कोण आहे ते पुस्तकात लिहिलेलंच नाही! नुसती पावलं लांब जातात. मुलगा होता हे क्विग्लीबाईंनीच ठरवलं!"

"आणि साहेबांनीही," मी म्हणाले.

"हो, त्यांनीही!" तिला काय आनंद झाला होता! जणू घरात एक नवी खोलीच सापडली होती.

त्यानंतर ती हाती पडेल ती कादंबरी वाचू लागली आणि दुपारी आम्हाला सांगू लागली. हे ग्रूवसाहेबांच्या कानावर गेलं. पुढच्या वर्षी बाक सुटला. नव्या कादंबऱ्या वाचून, चित्रपट कशावर काढायचा हे ठरवणाऱ्या साहेबलोकांना गोष्ट तोंडी सांगायची, हेच तिचं काम झालं. म्हातारी होईपर्यंत तिनं ते केलं. गोष्ट रंगली की ती खुर्ची सोडून खोलीभर फेऱ्या मारायची आणि साहेबलोक हातातल्या सिगार विझू देऊन, माना वळवत तिच्याकडे बघत राहायचे.