अर्धा इंच अंगठा

टेस्ट रिपोर्टच्या शेवटी ‘रिमार्क्स’ नावाचा दोन ओळींचा रकाना असतो. त्यात जे मावत नाही ते डोक्यात साचत जातं. मी आठ वर्षं रिपोर्ट लिहितोय, त्यामुळे माल भरपूर आहे!

पुण्याच्या एका कंपनीत मी बेल्ट टेन्शनर डिझाइन करतो. गाडीच्या इंजिनावर एक पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप वगैरे फिरवत असतो. तो सैल पडू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर त्याला सतत दाबून धरणारा लोखंडी हात म्हणजे टेन्शनर. नावावरून तुम्हाला जो विनोद सुचलाय, तो आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी करून संपला आहे.

माझं पहिलं ड्रॉइंग तयार झालं तेव्हा आमचे साने सर म्हणाले, “धूळ, ऊन, घाट एकत्र कुठे मिळेल?” मी शहाद्याकडच्या रनाळ्याचा. म्हटलं, “सर, माझ्या घरी!” ट्रायल शहाद्याला ठरली. बारा प्रवासी जीप, रोज धडगावचा घाट. टेन्शनर नापास झाला तर डिझाइन कपाटात जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर बहुधा मीही.

* * *

आमचा मुक्काम तिथल्या आप्पा मेकॅनिकच्या गॅरेजात. ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला पत्र्याची शेड, बाहेर एक लाकडी बाक. जुन्या जीपना असा टेन्शनर नव्हता. महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रायव्हर आप्पांकडे थांबायचा, बोनट उघडायचा. आप्पा पट्ट्यावर अंगठा दाबायचे. अर्धा इंच दबला तर, “घट्ट शे. जाय.” जास्त दबला तर, “ढिला शे. बठ.” शे म्हणजे आहे; बठ म्हणजे बाकावर बसायचं, चहा प्यायचा, आणि तेवढ्यात आप्पा पट्टा ताणून द्यायचे. पट्टा ढिला निघावा म्हणून ड्रायव्हर लोक प्रार्थना करायचे!

* * *

टेन्शनर बसवले आणि मी घरी जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी आलो तर पाच गाड्यांचे हात वेल्डिंग करून पक्के केलेले.

“आप्पा, हे काय केलंत?”

“भाऊ, इंजिन चालू करं तं तो हात थरथर हाली ऱ्हायना व्हता. मी घट्ट करी टाकं!”

अहो, हलणं हेच त्याचं काम! मी कपाळाला हात लावून साने सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग सर म्हणाले, “वेल्डिंग तरी चांगलं आहे का?”

खरं सांगतो, उत्तम होतं. कापायला दोन दिवस लागले. रिमार्क्समध्ये मी लिहिलं, ‘हात अडकलेला आढळला.’

* * *

मग साने सर स्वतः बघायला येणार असं कळलं. रूपसिंग पावरा हा आमचा सगळ्यात मायाळू ड्रायव्हर. सर त्याच्याच जीपमध्ये बसले. घाटाच्या पहिल्या वळणावर पट्टा घसरायला लागला, बॅटरीचा लाल दिवा लागला, जीप थांबली. सरांनी बोनट उघडलं, वाकले आणि मान वर करून मला म्हणाले, “आपण चंदनाचं ग्रीस कधीपासून वापरायला लागलो?”

पट्टा किंचाळू नये म्हणून इकडचे ड्रायव्हर त्यावर साबण घासतात. रूपसिंगने सरांच्या सन्मानार्थ अख्खी नवी वडी घासली होती!

“तुम्हनी नोकरी जावाले नको म्हनीसन,” तो मला म्हणाला. पट्टा धुतला, पुसला, तेव्हा कुठे जीप पुढे निघाली. साने सर मात्र धडगावपर्यंत रूपसिंगशीच गप्पा मारत होते, माझ्याशी नाही.

* * *

माझ्याकडे पट्ट्याचा ताण मोजायचं महागडं मीटर होतं. रोज सकाळी मोजायचो, आकडे झकास. एका दुपारी तीन नंबरची जीप घाटातून आली, इंजिन तापलेलं. आप्पांनी सवयीने अंगठा दाबला.

“ढिला शे.”

“आप्पा, सकाळी मीटरने बरोबर दाखवलंय.”

“मंग तुन्हा मीटरले दुपारले उठाड!”

मोजलं. खरंच ढिला! हाताच्या सांध्यात धूळ शिरत होती आणि तापल्यावर तो जाम होत होता. सकाळी गार इंजिनावर हे मला जन्मात कळलं नसतं. तिथे मी एक रबरी सील वाढवलं. टेन्शनर पास झाला. ड्रॉइंगवर नाव माझं आहे. आप्पांच्या अंगठ्यासाठी ड्रॉइंगमध्ये रकाना नाही, याची मला आजही लाज वाटते.

* * *

पुढे सगळ्या जीपना टेन्शनर आले आणि आप्पांचा बाक रिकामा पडला. पट्टा ढिला होईचना, तर थांबणार कोण? ते चांगलं काम मीच केलं होतं. शहाद्याला गेलो की मी त्या रस्त्याने जाणं टाळायचो. आप्पा काय म्हणतील याची धास्ती वाटायची.

यंदा दिवाळीला कंपनीची नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आलो. आमचा अर्धा विभाग आता तिकडेच वळलाय. पुढच्या गाड्यांना ना पट्टा, ना टेन्शनर. या वेळी दुसरा रस्ता बंद होता, ब्राह्मणपुरीच्या रस्त्यानेच जावं लागलं. गॅरेजपाशी रूपसिंगने हात केला, थांबावंच लागलं. आप्पा बाकावर एकटे बसले होते. खूप थकलेत. मला बघून उठले.

“बोनट उघाड.”

उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण, बाकी काही नाही. रूपसिंग हळूच म्हणाला, “आप्पा, यामा पट्टाच नही.”

“मले माहीत शे.”

आप्पा वाकले. झाकणावर मधोमध अंगठा ठेवला, दाबला, थोडा वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे बघितलं.

“ढिला शे. बठ.”