गोणीवर तापीचं पाणी

निम्म्या कुरडया तळून झाल्या होत्या, निम्म्या परातीत होत्या, तेवढ्यात माझा दीर गिरधर हातभर काळा पाइप घेऊन स्वयंपाकघरात शिरला. चपलांसकट.

"वहिनी, हे बघा." त्यानं पाइप वाकवला. तट्! दोन तुकडे. "उद्या शाहपूरचे व्यापारी लीलाधरभाऊ माल बघायला येणार. त्यांच्यासमोर असं झालं तर शाहपुरात आपला पाइप कोणी फुकटातपण नाही घेणार."

शाहपूरकडे केळीला ठिबकनं पाणी द्यायचं वारं नुकतंच शिरलेलं. गिरधरनं कापडाचे लूम विकून आमच्या गावातल्या लालबागेत पाइपाचं मशीन टाकलं. प्लास्टिकचा दाणा महाग, म्हणून त्यात खडूची भुकटी मिसळतात. सगळेच मिसळतात, आमच्या गिरधरचा हात जरा जास्तच सैल. मशीन कण्हायचं, वितळता दाणा पुढे ढकलणारा आतला स्क्रू झिजायचा, पाइप खरखरीत निघायचा.

"भुकटी कमी कर की."

"केली ना कालपासून! तरी तुटतो."

मी तुकडा उजेडात धरला. तुटल्या तोंडाला अनारशासारखी जाळी.

"ही भोकं कसली रे?"

"तेच तर समजत नाही. देवाचं सगळं करतो मी. भुकटीची गोणी फोडली की पहिलं तापीमाईचं पाणी शिंपडतो. लोटाभर."

"लोटाभर? ती अंघोळ झाली!"

हा असाच. दहावीच्या पेपरावर अंगारा फासून आला होता. मास्तरांना अक्षर दिसेना.

हसता हसता मी धुतलेला झारा तसाच ओला तेलात घातला. तडतड तेल उडालं, गिरधर उडी मारून दाराबाहेर. तिथूनच कढईकडे बघत राहिला.

"वहिनी, मशीनचं पोटपण असंच तापतं. पाण्याची वाफ होत असणार. तिचेच बुडबुडे!"

रोज तापीमाईला दिवा दाखवते मी. पण तिला मशीनच्या पोटात उकळायला कोणी धाडलं होतं? "मशीनला कुंकू लाव, दारात नारळ फोड," मी म्हटलं, "भुकटीला सोड."

"फोडलेल्या सगळ्या गोण्या ओल्या आहेत. भाजून कोरड्या करतो. ही कढई द्या."

"हात तर लावून बघ! देवाचा नैवेद्य तळते मी यात."

"मग उद्या लीलाधरभाऊंना काय दाखवू?"

"तुझी अक्कल दाखव. लवकर बघून होईल."

त्यानं दोन कुरडया उचलल्या आणि मोठी लोखंडी कढई आणायला बाजारात गेला.