सोळा सेकंदांच्या चिठ्ठ्या

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा, आणि अक्षर तर वेडंवाकडं आहेच. चौथीनंतर धारची शाळा सुटली, पुढे हिशेबापुरतीच पेन्सिल हातात राहिली. माफी कुणाची मागतेय तेही मला ठाऊक नाही. मुलं हिंदी शाळेत शिकली, त्यांना मराठी वाचायचा कंटाळा. म्हणून मराठीत लिहून ठेवायची भीती वाटत नाही.

यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही देवासला आलो. घराच्या पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकला, तेव्हा मोबाइल अजून सगळ्यांच्या हातात आला नव्हता. हे ड्यूटीवर असायचे, म्हणून बूथवर मी. मला चार माणसांत बोलता येत नाही, पण बूथवर बोलावं लागत नाही. माणूस काचेच्या केबिनमध्ये जातो, बोलून बाहेर येतो, मशीनमधून चिठ्ठी निघते, मी आकड्यावर बोट ठेवते. तेवढंच काम.

आधी एकच फोन होता, जुन्या एक्सचेंजचा. मग नव्या कंपनीचे लोक दुसरा, बिनतारी फोन ठेवून गेले. त्याचा दर कमी, म्हणून गिऱ्हाईक तिकडेच वळायचं. देवासात आणि इंदूरला तो नीट लागायचा. धार-बदनावरकडे सगळे फोन जुन्या एक्सचेंजचे. तिकडे लावला की पुष्कळदा आतून एक बाई बोलायची, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं," आणि फोन कटायचा. तरी चिठ्ठी निघायचीच. कुणीतरी फोन उचलला असंच मशीनला वाटायचं.

मी यांना विचारलं, पैसे घ्यायचे का?

"चिठ्ठी निघाली म्हणजे कंपनीच्या बिलात चढलं. आपण नाही घेतले तर खिशातून भरायचे? धर्मशाळा उघडलीय का इथं?"

मी घेत राहिले.

सूतगिरणीतला एक हमाल दर रविवारी यायचा. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी, बदनावरजवळच्या गावात होती. तिथल्या किराणा दुकानात फोन होता, दुकानदार तिला हाक मारायचा. त्या रविवारी आमचा जुना फोन बंद पडलेला. त्याने नव्यावरून पाच वेळा लावला, पाचही वेळा तीच बाई बोलली. बाहेर येऊन त्याने पाच चिठ्ठ्या काउंटरवर एकाखाली एक मांडल्या.

"भाभी, उस बाई से बात करने के पैसे ले रही हो? इतने में तो उसी से ब्याह कर लेता."

मागे उभी असलेली माणसं हसली. तो हसला नाही. पंधरा रुपये मोजून ठेवले, बरीचशी नाणीच होती.

"छोरा हुआ कि छोरी, इतना भी पता नहीं चला," म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते पंधरा रुपये मी गल्ल्यात टाकले, पण मनातून जाईनात. इतक्या वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्यानेही म्हटलं नाही, पण मला तेच ऐकू आलं.

चिठ्ठीची दुसरी प्रत तारेला खोचून ठेवायची माझी सवय. एका दुपारी सगळ्या काढून पसरल्या. गावं वेगळी, वेळा वेगळ्या, पण या फुकट गेलेल्या फोनांची प्रत्येक चिठ्ठी सोळा सेकंदांची. खरं बोललेल्यांचे कुणाचे चाळीस, कुणाचे दोनशे. मी घड्याळ समोर ठेवून त्या बाईला ऐकलं. दोनदा बोलून गप्प व्हायला तिला सोळाच सेकंद लागत होते.

तक्रार केली. धारच्या एक्सचेंजचे साहेब म्हणाले, "हमारा सब ठीक है, कंपनी से बोलिए." कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "हमारी तरफ से क्लियर है, एक्सचेंज से बोलिए." पंधरा दिवस याचं त्याला आणि त्याचं याला सांगून मी थकले. निम्मे शब्द मला कळतही नव्हते. शेवटी धीर करून इंजिनियरला विचारलं, तुम्हीच का बोलत नाही त्यांच्याशी?

"लगता कहाँ है उनका नंबर? यही तो रोना है."

मग एका दुपारी जुन्या फोनवर साहेब होते तेव्हाच नव्यावर इंजिनियर आला. मी दोन्ही रिसीव्हर उलटसुलट जोडले, याचं तोंड त्याच्या कानाशी, आणि मुलीच्या रिबिनीने बांधले. दोघं लगेच भांडायलाच लागले.

"भिया, पहले अपना घर देखो!"

"देख लिया, आप अपना देखो!"

मी वाकून मध्येच बोलले, "सब चिट्ठी सोला सेकंड की हैं."

"कौन बोला?"

"बूथ से."

साहेब हळूच म्हणाले, "सोलह तो हमारी अनाउंसमेंट है."

"और हमारे यहाँ वो आंसर बनकर आ रही है," इंजिनियर म्हणाला.

दोघांनी एकाच वेळी आपापल्या बाजूला बदल करायचा होता. तीन दुपारी गेल्या त्यात. मी रिबीन बांधायची, ते ठरवायचे, रिबीन सोडून मी बदनावरला फोन लावायची, बाई बोलायची, चिठ्ठी निघायची, पुन्हा दोघांना फोन लावून बांधायचं. खांदे भरून आले. तिसऱ्या दुपारी बाई बोलली आणि मशीन गप्प राहिलं. पुन्हा फोन करून सांगितलं, तर दोघं "ठीक है" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मी स्टुलावर बसून राहिले, चहा करायचंही त्राण नव्हतं.

कंपनीने चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स मागवल्या. बरेच महिने खेटे झाले, मग तेवढे पैसे बिलातून वजा झाले. हे म्हणाले, "घे, पावल्या तुझ्या चिठ्ठ्या." गिऱ्हाईक बहुतेक वस्तीतलंच होतं. वहीत नावं लिहिली आणि ज्याचे त्याला देत गेले. कुणी म्हणालं, रहने दो भाभी. मी ऐकलं नाही. राहिला तो हमाल. गिरणीत विचारलं, तर काम सोडून गेला होता. त्याचे पंधरा रुपये आणि पाच चिठ्ठ्या कागदात गुंडाळून मशीनखाली ठेवल्या.

पुढे बूथवर फोन करणारे कमी झाले, आम्ही रिचार्जची कुपनं विकायला लागलो. एके दिवशी तो कुपन घ्यायला आला, खिशात मोबाइल. मी पुडी पुढे सरकवली. त्याने चिठ्ठ्या ओळखल्या.

"और ब्याज कौन देगा, भाभी?"

मी म्हटलं, "छोरा हुआ था कि छोरी?" गिऱ्हाइकाला मी आपणहून असं पहिल्यांदाच काही विचारलं.

"छोरी. अब तो दौड़ती फिरती है."

त्याने पंधरा रुपये मोजले आणि खिशात टाकले. मी वहीतल्या शेवटच्या नावावर रेघ मारली.