पाठीचं औषध

तुमच्या आईला डॉक्टरांनी शेवटचं कधी तपासलं? तिचं औषध कधी आणलं, हे मी विचारत नाही. तिच्या पाठीला स्टेथोस्कोप कधी लागला, ‘जोरात श्वास घ्या’ असं तिला कुणी कधी म्हटलं, ते आठवा.

आमच्या घरात ते कुणालाच आठवलं नाही.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात प्रत्येक घराचा एक डॉक्टर ठरलेला असतो. तो ठरवतो घरातला कर्ता पुरुष, आणि एकदा ठरला की सगळं घर त्याचं. आमचा धुळ्याचा डॉक्टर आजोबांनी ठरवला. तापाने फणफणलेले असताना त्यांना त्या डॉक्टरांच्या हाताचा गुण आला, तेवढ्यावर आमच्या अख्ख्या घराची नावनोंदणी झाली. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, तरी मीसुद्धा त्यांचीच पेशंट. दुसऱ्याकडे जाणं म्हणजे बेइमानी. माझ्या एका चुलत्याने जवळ पडतो म्हणून दुसरा दवाखाना धरला, तर पुढे तो आमच्या डॉक्टरांच्या गल्लीतून जाताना तोंडाला रुमाल बांधायचा.

दवाखान्यात जायचे ते पुरुष. बायांची फक्त औषधं यायची. नाना, म्हणजे माझे वडील, बियाणं नाहीतर मोटारीचं सामान आणायला धुळ्याला निघाले, गाडीला किक बसली, की आई ओट्यावर यायची.

“मनं पाठनं औषध लई या.”

समोरच्या दारातून काकू ओरडायची, “मना गुडघास्नं बी!”

“आनस, आनस. आखो कोन्हं काय दुखस?” नाना विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता गाडी काढायचे.

लहानपणी मी त्यांच्यासोबत गाडीच्या टाकीवर बसून जायचे. डॉक्टरांच्या खोलीचा पडदा अर्धा उघडा असायचा आणि बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना आतलं ऐकू यायचं.

“वहिनींचं काय?”

“पाठ.”

“आडवं पडल्यावर कमी होतं का?”

“होतं.”

“झोप लागते?”

“लागते काय, घोरते!”

बाक हसायचा. कंपाउंडर पुड्या बांधता बांधता म्हणायचा, “नाना, पाठ वहिनींची का तुमची?”

“पाठ तिची, कटकट माझी!”

डॉक्टरही हसायचे आणि लिहून द्यायचे. नानांनी यातलं काहीच आईला विचारलेलं नसायचं, तरी त्यांची उत्तरं पटापट यायची. त्यांना कधी अडखळताना मी पाहिलं नाही.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. आजोबा गेले तेव्हा ते दवाखाना बंद ठेवून गावी आले होते. माझ्या परीक्षांची चौकशी करायचे. आईला दर वेळी नमस्कार सांगायचे, आणि नाना तो नमस्कार पुडीबरोबर आणून द्यायचे. आईला त्याचं फार अप्रूप. “आपला डॉक्टर शे तो. त्याले बठ्ठं माहीत शे,” ती म्हणायची. ज्या माणसाने तिला वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, त्याला तिचं सगळं माहीत होतं!

मी पुढे जळगावात आले, पिंप्राळ्यात खोली घेतली. सभा, पत्रकं, मोर्चे यांत दिवस जायचे. आरोग्य हा बाईचा हक्क आहे, असं छापलेलं पत्रक मी आठवडी बाजारात वाटलेलं आहे. उरलेला गठ्ठा गावी नेला, तर आईने तो फडताळात डब्यांखाली अंथरला. कागद जाड आहे, म्हणाली.

नात्यातल्या एका लग्नासाठी ती माझ्या खोलीवर राहायला आली. लग्नाच्या सकाळी ब्लाउज घालताना तिचा डावा हात वर जाईना. “हूक लाव जराशी,” ती म्हणाली. मी हूक लावायला पुढे झाले आणि तिची छाती पाहिली. डावीकडची कातडी आत ओढली गेली होती, तिचा रंग पालटला होता. मी बोट लावलं. आत दगड होता.

“कव्हयपासून?”

“मागला कापूस येचाना टाइमले व्हतं थोडं.”

“डॉक्टरांना सांगितलं?”

“पाठनं सांगं व्हतं ना.”

“पाठीचं नाही माय, ह्याचं!”

तिने पदर ओढून घेतला. “हाई तुना बापना तोंडे कसं सांगू मी?”

तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. डॉक्टरपर्यंत जायचा रस्ता नानांच्या तोंडातून जात होता आणि त्या तोंडासमोर माणसांनी भरलेला बाक होता. त्या रस्त्याने पाठ जाऊ शकत होती, गुडघे, चक्कर, पित्त जाऊ शकत होतं. पाळी जाऊ शकत नव्हती, अंगावरून जाणं जाऊ शकत नव्हतं, छाती तर नाहीच. पुरुषाला चारचौघांत सांगता येतील तेवढेच अवयव असलेल्या बायका आमच्या डॉक्टरांकडे नोंदलेल्या होत्या. शिवाय पाठीच्या गोळीने तिचं छातीचं दुखणंही थोडा वेळ थांबायचं. त्यामुळे तिची खात्री पटली होती की न सांगताही डॉक्टरांना उमगलं आहे.

लग्नाला आम्ही गेलो नाही. कोपऱ्यावर एका डॉक्टर बाईंचा छोटा दवाखाना आहे, तिथे गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “यास्ना नाववर लिखी ले.”

“मावशी, नवऱ्याचं नको. तुमचं सांगा. दुखतंय कोणाला?”

आईने आपलं नाव सांगितलं, इतकं हळू की त्या मुलीने ते पुन्हा विचारलं.

आत गेल्यावर ती पेशंटच्या स्टुलावर बसेना. भिंतीकडेच्या खुर्चीत टेकली. “काय होतंय?” डॉक्टर बाईंनी विचारलं, तशी तिने मान माझ्याकडे वळवली. मी बोलायला तोंड उघडलं.

“तुम्ही बाहेर बसा,” डॉक्टर बाई मला म्हणाल्या.

“मी मुलगी आहे त्यांची.”

“म्हणूनच.”

मला राग आला, पण मी उठले. दार लागलं. मग आईचा आवाज आला, आधी तुटक, मग सलग. एवढा वेळ सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते आणि ते कळू नयेत हे मला तिथे बसल्या बसल्या समजत गेलं.

मला आत बोलावलं तेव्हा डॉक्टर बाईंनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती. “आजच जा,” एवढंच म्हणाल्या.

आईला तिथेच भरती करून घेतलं, तपासण्या झाल्या. रोग छातीत राहिला नव्हता, मणक्यात उतरला होता. म्हणजे पाठ खरोखरच दुखत होती. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्रास कमी करता येईल, बरं करता येणार नाही. “आधी कुणाला दाखवलं नव्हतं?” त्यांनी विचारलं. औषध चालू होतं, मी म्हणाले. “दाखवलं होतं का?” त्यांनी पुन्हा विचारलं.

नाना धुळ्याला आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भांडायलाच गेले होते. परत आले ते खाली मान घालून. डॉक्टर म्हणाले होते, “नाना, तुम्ही मला पाठ सांगितलीत.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. नानांनी मला हे सांगितलं, मग आईजवळ गेले. “तू मले सांगतीस ना!” त्यांचा आवाज रडवेला झाला होता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर निदान आमच्या घरात तरी काही बदलेल. रोज सकाळी डॉक्टर वॉर्डात येतात. आईच्या खाटेशी थांबून तिच्याकडे बघत विचारतात, “आज कसं वाटतंय?” आणि नाना लगेच म्हणतात, “बरं शे.”

“नाना, तिला विचारलंय,” मी म्हणते.

ते ओशाळतात. डॉक्टर पुन्हा तिला विचारतात. आई आधी नानांकडे बघते, मग सांगते, “बरं शे.”

रात्रभर ती कण्हत असते.

परवा नाना कपडे आणायला गावी गेले होते. निघताना काकूने दारातून हाक मारली. धुळ्यावरून जाताय तर माझ्या गुडघ्यांचं तेवढं घेऊन ठेवा, म्हणाली. आणि नानांनी ते घेतलं. पुडी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी ओरडले, “काकूला नुसते गुडघेच आहेत का?” नाना गोंधळून बघत राहिले. मला काय म्हणायचंय ते त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आईसाठी आता कुणाला काही करता येण्यासारखं नाही, आणि आमच्या गावातल्या ओट्यांवरून हाका येतच राहणार. माझ्या ओरडण्याने त्या थांबत नाहीत, पत्रकांनी थांबल्या नाहीत. तरी तुम्हाला एक सांगायचं आहे. या आठवड्यात तुमच्या घरातल्या बाईचं औषध आणू नका. तिला घेऊन डॉक्टरकडे जा. तिच्या नावाने नंबर लावा, पेशंटच्या स्टुलावर तिला बसवा आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत तुम्ही उठून बाहेर या. दार पूर्ण लावून घ्या. ती बाहेर आली की आत काय बोलली ते विचारू नका.