आयुधपूजेच्या दिवशी उचललेला पाना

आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे माझं राज्य. एरवी बेळगोळच्या आमच्या गॅरेजमध्ये माझं कुणी ऐकत नाही आणि तिथलं मलाही फारसं कळत नाही. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवरा, कामावरची माणसं, आलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांनी मी सांगेन तिथे उभं राहायचं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते. त्यांच्या मागे आमच्याकडे उरलीय ती एक तलवार, जी आता म्यानातून निघत नाही, आणि घरात बोलतो ती निम्मी कन्नड झालेली मराठी. त्या तलवारीशेजारी नवऱ्याचे पाने, हातोडे, जॅक मांडायचे. मांडण्याआधी सगळ्यांना आंघोळ. आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या एकाही हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम मी लग्न होऊन आल्यापासून पाळतेय. खरं म्हणजे इतरांना पाळायला लावतेय. "एक नट तेवढा आवळून द्या, अम्मा," म्हणत आलेली माणसं मी त्या दिवशी फाटकातून परत पाठवली आहेत. किती, ते आठवत नाही आणि आता आठवून बघायची हिंमतही होत नाही.

गेल्या दसऱ्याला गॅरेजमध्ये वरुणा गावाकडच्या एका ड्रायव्हरचा मोठा डिझेल टिपर आला होता. गाडी त्याची स्वतःची, तीही एकुलती एक. कुठल्याशा खाणीवर जुनी म्हणून विकायला काढलेली त्याने घेतली होती आणि दसऱ्यापासून तिच्यावर खडी वाहायचं काम त्याला मिळालं होतं. गाडी ऑटोमॅटिक. क्लच दाबायला नको, दांडा ओढायला नको, गिअर आपले आपण पडतात. हे सगळं होतं ते गिअरबॉक्समध्ये भरलेल्या लाल तेलाच्या जोरावर, असं आमच्या ह्यांनी मला समजावलं होतं. ते तेल जुनं होऊन काळपट झालं होतं, म्हणून बदलायचं होतं. गिअरबॉक्स गेला तर गाडी गेली आणि गाडी गेली तर त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, हेही मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

आदल्या संध्याकाळी तेल बदलून झालं. जुनं काढलं, फिल्टर नवे घातले, नवं तेल भरलं. राहिलं होतं ते एवढंच, की गाडी फिरवून तापवायची आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, पातळी बघायची. ते पूजेनंतर करायचं ठरलं, कारण त्याला पाना लागत नाही. डिपस्टिकची नळी थेट गिअरबॉक्समध्ये उतरते आणि तिच्या टोपणाचं रबर मात्र तुटलं होतं. नवं रबर सणानंतर मिळणार होतं. तोवर ह्यांनी नळीच्या तोंडाशी कापड घट्ट गुंडाळून दोरीने बांधून टाकलं.

सकाळी मी पाण्याचा पाइप घेऊन टिपरसमोर उभी राहिले. आमच्या पंपाच्या पाण्याला इतका जोर आहे की चिखलाबरोबर रंगसुद्धा निघेल. गाडी चकाचक करायची, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. धुता धुता मला ते कापड दिसलं. तेलकट, कळकट. पूजेच्या गाडीला चिंधी बांधलेली! मी विळा आणून दोरी कापली.

ड्रायव्हर कुंकवाचं ताट धरून शेजारीच उभा होता. हळूच म्हणाला, "अक्का, अल्लि नीरु बेडा." तिथे पाणी नको.

"मला शिकवतोस? गाडी देवासमोर उभी करायची आहे. गप उभा राहा."

तो गप उभा राहिला. मी तिथे चांगलं दोनदा पाणी मारलं आणि उघड्या नळीभोवती हौसेने झेंडूची माळ गुंडाळली. जाऊबाईंनी फोटोसुद्धा काढला.

पूजा झाली. कोहळा फुटला, चुरमुरे वाटले, आजूबाजूच्या शेडमधली मंडळीही प्रसादाला आली. ड्रायव्हरने लिंबं चिरडत गाडी बाहेर काढली आणि धरणाच्या रस्त्याने एक फेरी मारून आणली. परत आली तेव्हा गिअर पडताना गाडी हिसके देत होती. ह्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, डिपस्टिक ओढली आणि तिच्याकडे नुसते बघत राहिले. तेल लाल नव्हतं. लग्नात पाहुण्यांना देतात त्या रोझमिल्कसारखं गुलाबी, फेसाळ.

"बंद कर! बंद कर गाडी!" हे ओरडले. मग म्हणाले, "पाणी गेलंय आत. पाणी कुठनं आलं रे मग?"

डोकं चालू व्हायच्या आधी माझं तोंड चालू होतं, ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, "कुठनं म्हणजे? कालव्यात घातली असणार. हे लोक गाड्या कालव्यात उतरवून धुतात, मी बघितलंय की नाही! फेरी मारायला पाठवलं तर तिकडे गेला."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने बघितलं ते त्या झेंडूच्या माळेकडे. मग मान खाली घालून म्हणाला, "हौदु, अण्णा. होय, कालव्यात गेलो होतो."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विळा, दोरी, "नीरु बेडा", सगळं एकदम. आणि मी काय केलं? काही नाही. समोर पंधरा-वीस माणसं होती, मी नवी पैठणी नेसले होते, मघाशीच जो तो माझ्या पूजेचं कौतुक करून गेला होता. मी पदर सारखा केला आणि गप्प राहिले. हे कधी कुणाला वाईट शब्द बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी त्या माणसाला सगळ्यांदेखत नाही नाही ते ऐकवलं. अक्कल काढली, त्याच्या बापाची काढली. तो तसाच उभा राहून ऐकत होता, आणि मीही ऐकत होते. माझ्यासाठी असलेलं सगळं तो घेत होता आणि मी ते घेऊ देत होते.

शेवटी बोलले. पण त्याला चांगलेपणा म्हणू नका. हे आणखी एक शिवी देणार होते, ती मला सहन झाली नसती. "अहो, पुरे. कापड मी सोडलं. हा नको म्हणत होता. मीच पाणी मारलं."

जाऊबाई उगाच चुरमुऱ्यांची परात उचलून आत गेल्या. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "तेल आत्ता काढायला पाहिजे. रात्रभर पाणी आत राहिलं तर प्लेटांचं अस्तर सुटतं. मग संपलं सगळं." आणि मग त्यांची नजर तलवारीकडे गेली. पाने तिथे होते, कुंकू लावलेले. अख्ख्या बेळगोळमध्ये त्या दिवशी एकही पाना मोकळा मिळाला नसता. ह्यांनी मला काहीच विचारलं नाही. घरात या दिवशी कुणाची सत्ता चालते, ते ठरलेलं होतं.

मी पुढे झाले. तर तोच आडवा आला. तो ड्रायव्हर. "बेडा अक्का. उद्या काढू. एक दिवस राहील गाडी."

राहणार नव्हती, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी तो हात आडवा धरून उभा होता. माझा नियम मोडू नये म्हणून. चिडून माझ्यावर ओरडला असता, थुंकला असता, तरी मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "सर बाजूला." आवाज चढा होता आणि रडका होता. वाकून मी ड्रेनचा बोल्ट खोलायचा मोठा पाना उचलला. कुंकू बोटांना लागलं. सगळे बघत होते. फाटकातून परत पाठवलेल्यांपैकी एखादा त्यांच्यात असेल का, एवढंच माझ्या मनात आलं. मी पाना ह्यांच्या हातात दिला आणि माझ्या हातांचं काय करू ते मला समजेना.

दुपारभर ते तेल काढत होते, नवं भरत होते, गाडी सुरू करून गिअर टाकून बघत होते, पुन्हा काढत होते. पिंपात गुलाबी पडत होतं, मग फिकट, मग बऱ्याच वेळाने लाल. गिअरबॉक्स वाचला. अजून चालतोय, तो टिपर आमच्या रस्त्याने खडी नेताना दिसतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवून हात करतो आणि मी काहीतरी आठवल्यासारखं करून आत जाते.

पण पहिलं तेल पिंपात पडायला लागलं तेव्हाची गोष्ट राहिली. सगळे टिपरखाली वाकले होते. मी तलवारीपाशी बसले होते, देवाला काय सांगायचं ते जुळवत. पुसायला कापड हवं म्हणून तो शेडमध्ये आला. पान्याची रिकामी जागा बघून थबकला. चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. मी खांबाआड बसलेली त्याला दिसले नसेन. पुटपुटला, "तप्पु नंदे, देव्रे. हा दोष अक्कांना लावू नकोस." चूक माझीच आहे, देवा.

आणि कापड घेऊन तो परत गाडीखाली गेला. मी तिथेच बसून राहिले. देवाला सांगायला माझ्याकडे तेवढंच एक वाक्य होतं आणि तेही तो आधी सांगून गेला होता.